दाखवणाऱ्याने बसायचं

बाळकृष्ण धुरी हा कुंपणं घालणारा माणूस. गाव कणकवलीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. पण त्या गावात त्याच्या हातचं एकही कुंपण नाही. त्याची सगळी कुंपणं ओमानात. अल अमेरातच्या शाळांपासून अझैबाच्या बंगल्यांपर्यंत एकोणीस वर्षांत त्याने इतकी जाळी ताणली की टोकाला टोक जोडलं तर मस्कतहून सोहारला पोचेल, असं तोच सांगायचा, आणि मोजायला कोणी जात नसे. बुटका, काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तारेचे ओरखडे. डोळा मात्र घारीचा. दीडशे मीटरवरून सुटलेली गाठ दाखवायचा.

तो भित्रा नव्हता, हे आधीच सांगायला हवं. कारण पुढच्या सगळ्या हकिकतीत तो घाबरलेला आहे.

अमेरातच्या मागे, डोंगराच्या कुशीत त्याच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, मजरा, म्हणजे शेतवाडी. पुढे खजूर आणि लिंबं, मागे चढत गेलेली ओसाड जमीन, आणि त्या जमिनीवर अर्बाबच्या हौसेची जनावरं. शहामृग, हरणं, आणि आफ्रिकेतून आणलेली अकरा रानमेंढरं. मातकट रंग, मागे वळलेली जाड शिंगं, नराच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारी आयाळ. कामगार त्यांना 'दाढीवाले' म्हणत. प्रत्येकाच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला. गावाकडे सरकारी डॉक्टर गुरांच्या कानात मारतो ना, तसाच. बाळकृष्ण मेंढरं तोंडाने नव्हे, बिल्ल्याने ओळखायचा. कुंपणाच्या बाहेरून जनावराचं तोंड कोण बघत बसतो? पिवळा ठिपका मोजायचा, अकरा भरले की पुढच्या खांबाकडे.

तिथलं कुंपण त्यानेच घातलेलं. जिथे वादी आत शिरते, म्हणजे वर्षभर कोरडी आणि एका पावसात पिसाळणारी नदी, तिथे त्याने सांगितलं होतं की जाळी खाली बांधू नका, पडद्यासारखी लोंबती ठेवा. पाणी आलं की वर उचलेल, गेलं की खाली पडेल. सुपरवायझर म्हणाला, "बालू, तू जाळी लाव, इंजिनियरिंग मी करतो." जाळी काँक्रीटमध्ये पुरली. एप्रिलच्या पुराने ती खांबासकट उपटून नेली आणि अकराच्या अकरा मेंढरं डोंगरात निघून गेली. सुपरवायझरची तोवर बदली झाली होती. अर्बाबने बाळकृष्णाला बोलावलं. "तुम्हारा जाली. तुम ढूंढो."

असा कुंपणवाला शिकारीत शिरला.

त्या डोंगरात तहर असते. तिथली मूळची रानबकरी, या मुलखाबाहेर जवळजवळ कुठेच नाही. बाहेरची मेंढरं तिचा चारा खातील, पाणी पितील, म्हणून ती काढायलाच हवी होती. जिवंत पकडायचे दोन प्रयत्न फसले. मग अर्बाबने खेटे घालून मारायचा कागद आणला. त्याच्या स्वतःच्या जमिनीवर, माथ्यावरच्या पांढऱ्या रंगवलेल्या दगडांपर्यंत, तो मारू शकत होता. दगडांच्या पलीकडे सरकारी रान. तिथे रेंजर हजर नसेल तर गोळी नाही. आणि तहरला दोन्ही बाजूंना हात लावायचा नाही; लावला तर तुरुंग. रेंजर जुनैद, बलुची, हिंदी चांगली बोलणारा. त्याने पहिल्याच दिवशी आपला नंबर बाळकृष्णाच्या आणि ड्रायव्हरच्या फोनमध्ये स्वतः टाकला. म्हणाला, "कुछ भी गड़बड़, पहले मुझे. अर्बाब को बाद में."

ड्रायव्हर जैनुद्दीन, बांद्याचा. दोघांची बोली एकच, मालवणी. गोळी लागलेल्या मेंढराजवळ धावत पोचून, जीव असताना सुरी फिरवायची हे त्याचं काम. बाळकृष्णाचं काम दाखवायचं.

दाखवायचं काम त्याच्या रक्तात होतं. लहानपणी गावात शिमग्यानंतर पारध निघायची. आता कायद्याने बंद आहे, आणि बंद आहे तेच बरं. तेव्हा त्याचा बाप दाखवणारा असायचा. गावाचा एक नियम होता. चुकीचं जनावर पडलं, पिल्लाची आई म्हणा किंवा कुणाची सुटलेली रेडी म्हणा, तर कोणी वाटा घ्यायचा नाही आणि जनावर जागचं हलवायचं नाही. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, येऊन बघेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहायचं. आणि बसायचं ते बंदूकवाल्याने नाही, दाखवणाऱ्याने. बंदूक आंधळी, तिला डोळे दाखवणाऱ्याचे. बाळकृष्ण नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप असाच एका भेकरीजवळ सकाळपासून उन्हं कलेपर्यंत बसला होता. गावकर आला, बघितलं, राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, नारळ सांगितला आणि बापाला म्हणाला, "ऊठ." एवढंच. पण बाप त्यानंतर पारधीला गेला नाही.

मार्चपर्यंत नऊ मेंढरं मारून झाली. राहिली दोन: एक म्हातारा नर आणि एक वर्षाची मादी.

त्या दिवशी अर्बाबचा एक पाहुणा आला होता. कुठला, काय करतो, कोणी सांगितलं नाही. नवे बूट, नवी बंदूक आणि दुपारचं विमान. जुनैद पलीकडच्या खोऱ्यात होता, अकराच्या आधी येणार नव्हता. सकाळचे साडेसहा झाले होते. अर्बाब म्हणाला, दगडांच्या आत दिसलं तर मारू, बाहेर दिसलं तर थांबू. सगळ्यांनी मान डोलावली.

बाळकृष्ण माथ्याच्या अलीकडे एका खडकावर पालथा पडून दुर्बिणीतून बघत होता. सूर्य समोर. पलीकडच्या उतारावर, पांढऱ्या दगडांच्या चांगलंच खाली, काहीतरी हललं. मातकट, एकटं, लहान अंगाचं. वर्षाची मादी असावी. त्याने दुर्बीण फिरवली, श्वास रोखला, आणि कानाशी पिवळा ठिपका दिसला.

वॉकी-टॉकीवर तो म्हणाला, "दिखता है. पीला. लेकिन बाहर है, पत्थर के बाहर."

"देखा," पलीकडून पाहुणा म्हणाला.

"बाहर है, सर. रेंजर—"

गोळी सुटली.

डोंगराने आवाज तीनदा परत दिला. जनावर उडालं, मागच्या पायावर बसल्यासारखं झालं आणि घळीत घसरत दिसेनासं झालं. अर्बाबचा आवाज आला, "यल्ला, यल्ला. जैनुद्दीन. जल्दी."

बाळकृष्ण जवळ होता म्हणून आधी पोचला. दगडांवरून बूड टेकत, हात सोलत घळीत उतरला. जनावर एका कपारीला टेकून पडलं होतं. बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. तो दोन पावलांवर थांबला.

शिंगं आखूड होती. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ. जबड्याला दाढी, छातीला काही नाही. कान डावा, उजवा, दोन्ही कोरे. त्याने वर बघितलं. जिथे जनावर उभं होतं तिथे बाभळीचं एक खुरटं झाड होतं आणि ते झाड नखशिखांत फुललं होतं. पिवळ्या गोंड्यांनी.

बसला नाही तो, पडलाच.

वरून दगड गडगडले. जैनुद्दीन धापा टाकत उतरत होता, हातात सुरी, ओठांवर बिस्मिल्ला तयार.

"बाळा, जीव हा?"

"हा."

"मगे बाजूक हो."

"जैनूभाय, सुरी आत घाल."

"कित्याक? मेला म्हणजे फुकट जातला."

"कान बघ."

जैनुद्दीनने कान बघितले. मग पाठ बघितली. सुरी त्याने इतकी हळू म्यानात घातली की जणू आवाज झाला तर पोलीस येतील.

"बिल्लो खय?"

"बिल्लो कधीच नव्हतो. फुलां होती."

"मिया हयसर इलंयच नाय," जैनुद्दीन म्हणाला. "माझ्या गाडीचो टायर पंक्चर झालो. तुका सांगतंय, मिया खालीच होतंय."

"वर जा आणि जुनैदाक फोन लाव. हयसर रेंज नाय."

"अर्बाबच्या नाकाखाली?"

"पाण्याच्या टँकरामागे जावन लाव."

"आणि तू?"

"मिया बसतंय."

जैनुद्दीनने त्याच्याकडे, माणसाला ताप चढल्यावर बघतात तसं बघितलं. "येडो झालंस काय रे? ऊठ. दोघां मिळान त्या कपारीत ढकलूया. वर चार दगड. दोन दिवसात गिधाडां साफ करतली. खलास."

"मिया दाखयलंय."

"मगे?"

"दाखवणाऱ्यान बसाचा."

"ता तुझ्या गावात. तुझो राखणदार हयसर व्हिसावर येवक नाय."

बाळकृष्णाला हसू आलं आणि त्याच क्षणी दात वाजायला लागले. ऊन अंगावर आलं होतं आणि त्याला हुडहुडी भरली होती. जैनुद्दीनने सुरीचं म्यान कमरेला खोचलं. "माझो व्हिसा पुढच्या महिन्यात हा," एवढंच म्हणाला आणि चढायला लागला. फोन लावीन म्हणाला नाही, लावणार नाही असंही म्हणाला नाही.

मग बाळकृष्ण एकटा राहिला.

त्याने टोपीत पाणी ओतून जनावराच्या तोंडापाशी धरलं. ते प्यायलं नाही. तहरच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, फटीसारखी. त्या फटीत आकाश दिसत होतं आणि आकाशाच्या कडेला एक टोपी नसलेला माणूस. गोळी मागच्या मांडीतून पोटात गेली होती. वाचणार नव्हतं. बाळकृष्णाने अंगातला शर्ट काढून दोन दगडांवर ताणला आणि त्याच्या तोंडावर सावली केली. जाळी ताणणारे हात, सावली बरोबर पडली.

आणि मग भीती आली. आधी आली होती ती झुळूक होती. आता पूर आला.

कायदा सगळ्यांना सारखा, हे ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं तो दुसऱ्याच्या सहीच्या व्हिसावर कधी राहिलेला नसणार. बाळकृष्णाला पुढचं सगळं दिसत होतं. पाहुणा दुपारी विमानात बसेल. अर्बाब म्हणेल, मी तिथे नव्हतोच. जनावर सापडेल, आणि त्याच्याशेजारी सापडेल तो. रक्त कोणाच्या हाताला? बालूच्या. घळीत कोण होतं? बालू. कोणी सांगितलं 'पीला'? बालूने, आणि वॉकी-टॉकीवर चार जणांनी ऐकलं. यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. खोटा आळ असता तर तो भांडला असता. तोंडाने तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण इथे त्याच्याच डोळ्याने त्याला फसवलं होतं. गावी शीला सांगत असते, माझ्या नवऱ्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. पूर्वाची परीक्षा चालू होती. परीक्षेतल्या मुलीला कोण कसं सांगणार, तुझा बाप बकरी मारल्याबद्दल आत आहे?

उठून जायचं तर अजून जाता येत होतं. पंधरा पावलं चढलं की घळ संपत होती. त्याने ती पावलं मोजलीसुद्धा. पण उठायचा विचार केला की त्या भेकरीजवळ बसलेला बाप दिसायचा. बापाचा चेहरा आठवत नव्हता. पाठ आठवत होती. घामाने ओली झालेली, न हललेली पाठ.

आठ वाजून गेले. वर दोन कावळे येऊन बसले. फोन आला नाही, रेंज नव्हतीच. जैनुद्दीनने फोन लावला असेल? चार पोरांचा बाप, म्हाताऱ्या आईची औषधं, पुढच्या महिन्यात व्हिसा. नाही लावला तर त्याचं काय चुकलं? बाळकृष्णाने स्वतःला विचारलं, मी त्याच्या जागी असतो तर लावला असता? आणि उत्तर ऐकू येऊ नये म्हणून तो जनावराशी बोलायला लागला. मालवणीत. "जरा दम धर. येतत ते. येतत."

पाय वाजले. नवे बूट. दगडावर नव्या बुटांचा आवाज वेगळाच येतो.

पाहुणा एकटा उतरत होता, बंदूक खांद्यावर नाही, हातात. तळाशी आला, बघितलं, वाकून पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "भेड़ कहां है?"

"भेड़ नहीं है, सर. तहर है."

"तुमने भेड़ बोला."

"मैंने पीला बोला. मेरी गलती है."

"हां. तुम्हारी गलती." हे ऐकून पाहुण्याचा जीव जरा भांड्यात पडल्यासारखा दिसला. "उठो. इसको उधर डालो."

"नहीं, सर."

"क्या नहीं?"

"हिलाना नहीं है."

पाहुणा जवळ आला. बंदुकीची नळी जमिनीकडे होती, पण घळ अरुंद होती आणि त्या अरुंद जागेत जमीन आणि बाळकृष्णाचे पाय यांच्यात फारसं अंतर नव्हतं. इथे दुसरी गोळी सुटली तर वरच्यांना काय वाटेल? जनावराला वेदनेतून सोडवलं, असंच वाटेल.

"सबने सुना है," पाहुणा म्हणाला. "तुमने दिखाया. जेल तुम जाओगे. समझता है?"

"समझता है."

"फिर क्यों बैठा है?"

"मैंने दिखाया, इसलिए बैठा है."

पाहुण्याला हे उत्तर कळलं नाही. तो वाकला, जनावराचा मागचा पाय धरला आणि ओढला. त्याबरोबर जनावराच्या नरड्यातून एक आवाज आला, बकरीच्या आवाजासारखा नाही, माणसाच्या उसाशासारखा. बाळकृष्णाने दोन्ही हात बरगड्यांवर ठेवले आणि सगळं वजन टाकलं. पाहुणा एकीकडून ओढतोय, हा दुसरीकडून दाबून धरतोय. हाताखालची धडधड एकदा जोरात झाली, एकदा हळू, आणि मग नुसतं ऊबदार कातडं राहिलं.

पाहुण्याने पाय सोडला. हात पँटला पुसले.

"अब तो मर गया," तो म्हणाला. आवाज बदलला होता. तोही घाबरला होता, हे बाळकृष्णाला तेव्हा कळलं. आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक आहे, हे त्याच्या पाठोपाठ.

किती वेळ गेला कोण जाणे. पाहुण्याच्या कमरेची वॉकी-टॉकी खरखरली. अर्बाबचा आवाज, एकदम सावकाश, एकदम गोड. "ऊपर आओ, भाई. रेंजर का गाड़ी आया."

म्हणजे लावला होता. टँकराच्या मागे जाऊन बांद्याच्या त्या माणसाने फोन लावला होता. बाळकृष्णाच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला घाम म्हणता आलं असतं, इतकं ऊन होतं.

जुनैद दुसऱ्या एका माणसाला घेऊन उतरला. मागून अर्बाब आणि वर जाऊन परत आलेला पाहुणा, त्यांच्यामागे जैनुद्दीन, नजर पायाखाली. जुनैदने आधी जनावर बघितलं, मग ताणलेला शर्ट, मग टोपीतलं न प्यायलेलं पाणी. मागे सरकून त्याने वरच्या पांढऱ्या दगडांकडे नजर लावली, अंतर धरलं, जागच्या जागी फोटो काढले. रक्ताचा माग जिथे सुरू होत होता तिथपर्यंत चढून परत आला. सगळं जिथल्या तिथे होतं. काही हललं नव्हतं.

"किसने दिखाया?"

बाळकृष्णाने हात वर केला. वर्गात करतात तसा.

"गोली किसने चलाई?"

अर्बाब डोंगराकडे बघत होता. जैनुद्दीन बुटाने खडा उकरत होता. पाहुण्याने बंदूक मघाशीच, वर गेला तेव्हा, अर्बाबच्या एका माणसाकडे देऊन टाकली होती आणि तो आता हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा होता. एकोणीस वर्षं. व्हिसा. शीला. पूर्वा. त्याचं काम दाखवायचं. म्हणून त्याने बोट उचललं. त्या दिवशी दुसऱ्यांदा त्याने दाखवलं, आणि या वेळी उन्हात बघायची गरज नव्हती.

जुनैद म्हणाला, "उठो, बालकृष्ण भाई."

त्याला उठता आलं नाही. पाय मेले होते. जैनुद्दीनने काखेत हात घालून उठवला आणि कानात म्हणाला, "मुडद्या, माका पण घेवन बुडालंस." आणि हात मात्र गाडीपर्यंत सोडला नाही.

पुढची सहा आठवड्यांची भीती घळीतल्या भीतीपेक्षा कोरडी होती. जबाबाचा कागद अरबीत होता. बाळकृष्णाने सही करायला नकार दिला, हिंदीत ओळ न ओळ वाचून दाखवा म्हणाला, आणि आवाज चढवला. असल्या जागी आवाज चढवायचा नसतो, पण भीती पोटात मावेनाशी झाली की त्याच्या तोंडून ती रागच होऊन निघायची. जुनैदने वाचून दाखवलं. दाखवणाऱ्याचं नाव होतं, मारणाऱ्याचंही होतं. मग सही केली. चूक त्याची धरली गेली, गुन्हा नाही. समज देऊन सोडला. अर्बाबचा मारायचा कागद रद्द झाला. पाहुण्याचं विमान त्या दुपारी गेलं नाही, इतकंच सगळ्यांना माहीत आहे. पुढे त्याचं काय झालं ते बाळकृष्णासारख्यांना कोणी कळवत नाही.

अर्बाबने शिवी दिली नाही. फक्त मजरेच्या फाटकावरच्या माणसाला सांगितलं, आणि फाटक उघडेना. ते फाटकही बाळकृष्णानेच बसवलेलं. व्हिसा दुसऱ्याकडे बदलून मिळाला, हे नशीब. आता तो सोहार औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे असतो, कारखान्यांना कुंपणं घालतो. तिथे जनावरं नाहीत. तरी ट्रकच्या मागे कुठे पिवळं काही हललं की त्याचा हात थांबतो. साइटवर कोणी विचारलं, "बालू, वो खंबा सीधा है क्या?" तर पूर्वी लांबूनच सांगायचा. आता चालत जातो, खांबाला हात लावतो, मग सांगतो.

जैनुद्दीनचा व्हिसा वाढला. का वाढला, दोघांनाही कोडंच आहे. शुक्रवारी त्याचा फोन येतो.

"दोन उरले हत ना रे अजून," बाळकृष्ण परवा म्हणाला. "तो म्हातारो आणि ती. दिसतत काय?"

"दिसतत. पाण्यावर येतत कधी कधी."

"मगे?"

"मगे काय? अर्बाब विचारता, कोणाक दिसले काय. सगळे म्हणतत, नाय बा."

"आणि तू?"

पलीकडे जैनुद्दीन गाडी चालवत होता. गिअर बदलल्याचा आवाज आला.

"जुनैदाक सांगलंय," तो म्हणाला. "आधी कान बघून इलंय. जवळ जावन. दोन्ही."